प्लिंथ झाली की थांबा : नाशिकमध्ये घर बांधताना परवानगी आणि तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पाथर्डी फाट्याजवळ वडिलांच्या नावावर १८० चौरस मीटरचा प्लॉट आहे. तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायचं आहे, बँकेचं कर्ज काढायचं आहे. ठेकेदार म्हणतो, ‘प्लॅन जाऊ द्या महापालिकेत, तोवर आपण खोदाई उरकून घेऊ. प्लिंथ बघायला कुणी येत नाही. जे काय असेल ते कंप्लिशनला बघू.’ त्याचं ऐकावं का, आणि तपासायला नेमकं कोण येतं?

ऐकू नका. मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो आहे. ‘कंप्लिशनला बघू’ हे वाक्य ज्या ज्या साइटवर ऐकलं, तिथे कंप्लिशनच्या वेळी ठेकेदार दुसऱ्या कामावर गेलेला होता आणि फाइल घेऊन मालक एकटा फिरत होता. तुमच्या साऱ्या कामात एक दिवस असा असतो की चूक सापडली तर ती आठवड्याभरात सुधारता येते. तो दिवस प्लिंथचा, म्हणजे जोतं पूर्ण होण्याचा. त्याच्याबद्दल मी खाली जास्त लिहिलं आहे, कारण लोक नेमका तोच दिवस घाईत घालवतात.

आधी परवानगी द्यायची कुणी, ते पक्कं करा. पाथर्डी फाटा नाशिक महापालिकेच्या हद्दीत येतो, म्हणजे तुमचं काम महापालिकेच्या नगररचना विभागाकडे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटसाठी एमआयडीसी, देवळाली कॅम्पला छावणी परिषद, आणि महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या पट्ट्यात नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. हे सांगायचं कारण असं की ‘आमच्या मेव्हण्यानं गावाकडं ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीतच काम भागवलं’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ती सवलत ग्रामीण भागासाठी आहे. शहरातल्या प्लॉटला ती लावू नका.

शहरासाठी डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आमच्यात सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यात छोट्या प्लॉटधारकाला खरोखर दिलासा आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कागदपत्रं आणि नकाशा देऊन शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० पर्यंत, म्हणजे तुमच्या प्लॉटला, परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी मिळावी अशी तरतूद आहे. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. सरकारनं तपासणीचा भार कमी केला म्हणजे जबाबदारी कमी झाली असं नाही. ती तुमच्यावर आणि सही करणाऱ्या तांत्रिक माणसावर आली. त्यामुळे स्वस्तात सही देणारा माणूस शोधू नका. साइटवर येणारा माणूस शोधा.

नकाशा काढण्याआधी मोजणी करून घ्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर १८० लिहिलं आहे म्हणून जागेवर १८० भरेलच असं नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करा, मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, हद्दीच्या खुणांचे फोटो काढा आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती घ्या. ‘पण शेजारी चांगले आहेत हो’ असं म्हणून लोक हे टाळतात. शेजारी चांगले असतानाच मोजणी करून घ्यावी.

त्याच सुमारास विकास आराखड्याचा अभिप्राय घ्या. प्लॉटवर आरक्षण आहे का, समोरचा रस्ता किती मीटरचा धरला आहे, त्याच्या रुंदीकरणात तुमची पट्टी जाते का, हे त्यातून कळतं. पाथर्डी-पिंपळगाव खांबच्या बाजूला वालदेवी आहे, सिडको-इंदिरानगरच्या अंगाला नासर्डी. प्लॉट नदीनाल्याच्या जवळ असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं घर होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा जोतं ४५ सेंटिमीटर वर ठेवावं लागतं. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीचं पाणी कुठवर चढलं होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या अटीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मान वर करून बघा. अंबड-पाथर्डीच्या पट्ट्यात विजेच्या तारा पुष्कळ प्लॉटवरून किंवा प्लॉटलगत जातात. ११ केव्हीपर्यंतच्या उच्चदाब तारेपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर, त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत २ मीटर, आणि दोन्हीला उभं अंतर ३.७ मीटर लागतं. आज तळमजल्याला अडचण वाटत नाही. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून तार हाताला लागेल अशी येते. प्लॉटवर मोठं झाड असेल तर तेही नकाशात दाखवा. तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. ठेकेदाराच्या जेसीबीला ती माहीत नसते.

आता नकाशा. अर्ज ऑनलाइन जातो आणि नकाशातल्या रेषा, थर, रंग संगणक वाचतो. त्यामुळे तीन-चार वेळा त्रुटी निघणं नवीन नाही. त्रुटीचं पत्र आलं की एकेक मुद्दा सुटा सुटा पाठवू नका, सगळ्यांची उत्तरं एकदम द्या.

चटईक्षेत्राचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्याचं, गणित तुम्ही स्वतः समजून घ्या, ते अवघड नाही. मूळ निर्देशांक १.१ धरला तर तुमच्या प्लॉटवर १९८ चौरस मीटर होतात. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य (प्रीमियम) भरून घेता येतं. पूर्वी जिना, बाल्कनी, कपाट यांना चटईक्षेत्रातून वगळण्याच्या सवलती होत्या. आता बहुतेक सगळं मोजलं जातं आणि त्याच्या बदल्यात हे अनुषंगिक क्षेत्र मिळतं.

‘कपाट’ म्हटलं की नाशिकच्या जुन्या लोकांच्या पोटात गोळा का येतो, ते इथे सांगायला हवं. साधारण २०१५ पासून पुढची काही वर्षं या शहरात शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले याच एका गोष्टीवर अडकले होते. नकाशात कपाटासाठी म्हणून दाखवलेली, चटईक्षेत्रात न धरलेली जागा प्रत्यक्षात खोलीत घेतलेली होती. भिंतीतली दोन फुटांची खाच, दुसरं काही नाही. पण त्यामुळे क्षेत्र वाढलं, रस्ते अरुंद म्हणून जादा निर्देशांक मिळेना, आणि पैसे भरून राहायला आलेली कुटुंबं दाखल्याविना राहिली. पुढे रस्ता नऊ मीटर करून देणं, अधिमूल्य भरणं अशा वाटा काढाव्या लागल्या. घेणाऱ्यांचा यात काहीच दोष नव्हता. म्हणून नकाशात जे आहे तेच बांधा, आणि जे बांधायचं आहे ते नकाशात आणा. गच्चीवर पुढेमागे एक खोली काढायचा विचार असेल तर आजच सांगा.

मंजुरीबरोबर विकास शुल्क भरावं लागतं, ते रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, दराशी बांधलेलं असतं. बांधकामाचा खर्च कायद्यातल्या मर्यादेच्या वर जात असेल तर खर्चाच्या एक टक्का कामगार उपकरही लागतो. प्रत्येक रकमेची पावती मिळते. ज्या रकमेची पावती मिळत नाही ती परवानगीचा भाग नाही, मागणारा कुणीही असो.

हातात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पडल्याशिवाय कुदळ मारू नका. त्याची मुदत एक वर्षाची असते. दर वर्षी वाढवून घेतली तर एकूण चार वर्षांपर्यंत जाते. ‘साठ दिवस झाले की परवानगी मिळालीच असं धरायचं’ हेही कुणी सांगेल. कायद्यात गृहीत परवानगी आहे, पण ती प्रस्ताव पूर्णपणे नियमांत बसत असेल तरच. एखादं अंतर दहा सेंटिमीटरनं कमी असलं तर तो आधार उरत नाही. त्या भरवशावर काम सुरू केलेले लोक नंतर नोटिशीला उत्तर देत बसतात.

आता प्लिंथ. आखणीच्या दिवशी मी मालकाला मुद्दाम बोलावतो. तीन वर्षांपूर्वीची एक साइट सांगतो, घर तुमच्याएवढंच. आखणीच्या वेळी मी बाहेरगावी होतो आणि ठेकेदारानं माझ्यासाठी न थांबता फक्की मारून खोदाई केली. मी परत आलो तेव्हा कॉलम प्लिंथपर्यंत आले होते, प्लिंथ बीमचं सेंटरिंग लागलं होतं, काँक्रीट दुसऱ्या दिवशी होतं. मंजूर नकाशात उजवीकडे दीड मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, होतं. पुढच्या कोपऱ्यात टेप लावली, बरोबर १.५० भरली. ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, मागंपण तेवढंच आहे.’ शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून ते खरंच तेवढं होतं. पण मोजणीची खूण भिंतीखाली नव्हती. शेजाऱ्यानं भिंत बांधताना मागच्या कोपऱ्यात स्वतःच्याच हद्दीत तेरा सेंटिमीटर आत घेतली होती. गवत बाजूला केल्यावर दगड दिसला. त्या दगडापासून मोजलं तर अंतर १.३७.

दुसऱ्या दिवसाचं काँक्रीट रद्द केलं. मागच्या बाजूचे दोन कॉलम फूटिंगपर्यंत, म्हणजे त्यांच्या पायापर्यंत, फोडले. भार मध्यापासून सरकल्यावर तीच फूटिंग पुरते का याचं गणित पुन्हा केलं, सळया नव्या जागी बसवल्या आणि कॉलम पुन्हा उभे केले. आठवडा गेला, मालकाला वाईट वाटलं, ठेकेदार माझ्यावर रागावला. पण त्या घराला दाखला विनासायास मिळाला. याच प्रकारची, जवळपास तेवढ्याच अंतराची चूक दुसऱ्या एका घरात मी पाहिली ती दोन स्लॅब, फरशी आणि रंग झाल्यावर. तिथे फाइल दीड वर्ष हलली नाही आणि शेवटी कोपऱ्यातली खोली भिंतीसकट मागे घ्यावी लागली. त्या खोलीत आजी राहत होत्या. त्यांचं कपाट, देव्हारा बाहेर अंगणात काढलेला मी पाहिला आहे, म्हणून इतकं जीव तोडून सांगतो आहे.

तेव्हा प्लिंथ झाली की थांबा. चारही बाजूंची अंतरं कंपाउंडपासून नाही, मोजणीच्या खुणेपासून मोजा. दोन्ही कर्ण मोजा. ते नकाशाशी जुळले तरच घर काटकोनात आहे. जोत्याची उंची रस्त्याच्या मध्यापासून बघा, कारण डांबराचे थर चढून रस्ता दर काही वर्षांनी वर येतो आणि पावसाचं पाणी ओसरीत येतं. मग काम मंजूर नकाशाप्रमाणे जोत्यापर्यंत झालं आहे असं तुमच्या आर्किटेक्टनं किंवा अभियंत्यानं सहीनिशी महापालिकेला कळवायचं असतं. मंजुरीपत्राच्या मागच्या अटी वाचा, त्यात हे लिहिलेलं असतं. महापालिकेचा अभियंता प्रत्यक्ष बघायला येईल किंवा न येईल, तुमची नोंद झालेली असली पाहिजे. ‘कुणी येत नाही’ हे ठेकेदाराचं म्हणणं एखाद्या साइटपुरतं खरं असेलही. त्यावरून मोजायचंच नाही असं ठरत नाही.

इथवर कागदाला लागणाऱ्या तपासण्या झाल्या. घर उभं राहण्यासाठी लागणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत. त्या महापालिका करणार नाही, बँकेचा माणूसही करणार नाही. बँकेचा मूल्यांकनकार हप्ता सोडण्यापुरतं किती काम झालं ते बघतो. सळई मोजणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरशी करार करतानाच किती भेटी, कोणत्या टप्प्याला, हे लिहून घ्या.

पहिली भेट खड्ड्याची, पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) टाकण्याच्या आधी. आपल्याकडे वर काळी माती असते आणि ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फूटिंग तिच्यावर टेकता कामा नये. एकाच प्लॉटवर एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सात फुटांवरही लागत नाही. मी खड्ड्यात उतरून पहार मारून बघतो. पहार ठणकन् उडाली तर ठीक. दबका आवाज येऊन रुतली तर अजून खाली जायचं, ठेकेदारानं खोदाईचा कितीही हिशेब काढला तरी.

दुसरी भेट कॉलमच्या सळईची. भूकंपाच्या वर्गवारीत नाशिक झोन तीनमध्ये धरून आम्ही आराखडे करत आलो आहोत, आणि त्यासाठी उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचा तपशील फार महत्त्वाचा. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत वाकून काँक्रीटच्या गाभ्यात गेली पाहिजेत. कारागीर घाईत ती काटकोनात सोडतात. हादरा बसल्यावर सळईबाहेरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, गळतं, काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या होतात. ही चूक डोळ्यांना दिसते. तुम्ही स्वतःही बघू शकता. बीमशी जोडणीच्या जवळ रिंगा दाट हव्यात. नेमकी तिथेच त्या विरळ असतात, कारण तिथे हात पोचत नाही.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअरला बोलवा, सकाळी मिक्सर सुरू झाल्यावर नाही. स्लॅबखाली २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० मिलिमीटर कव्हर लागतं. कव्हर ब्लॉक तेवढ्या मापाचे आहेत का बघा. खडीचा तुकडा सरकवलेला चालत नाही. प्रत्येक मोठ्या ओतकामाला त्याच काँक्रीटचे सहा क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून घ्या, तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघायला. अहवाल फाइलला लावा. पाणी मारणं हल्लीच्या पीपीसी (पोझोलाना) सिमेंटला किमान दहा दिवस. उन्हाळ्यात पोतं सकाळी ओलं आणि दुपारी वाळलेलं असतं, त्यामुळे घरातल्या कुणीतरी दुपारी एक चक्कर मारलीच पाहिजे.

काम चालू असताना घरातल्यांची मतं बदलतात. स्वयंपाकघर इकडून तिकडे, जिना बाहेरून आत. आतली साधी भिंत वेगळी गोष्ट आहे, पण बाहेरची रेषा, उंची, जिना किंवा क्षेत्र बदलत असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, मग बांधा. आणि काहीही बदलण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करा.

शेवटचा टप्पा दाखल्याचा. काम नकाशाप्रमाणे पूर्ण झालं असं तुमचा तांत्रिक माणूस कळवतो, तो पूर्णत्वाचा भाग. त्यावर महापालिका देते ते भोगवटा प्रमाणपत्र. बोलताना दोन्हीला कंप्लिशनच म्हणतात, पण तुम्हाला हातात हवं आहे ते भोगवटा प्रमाणपत्र. त्याच्याशिवाय वास्तुशांत करून राहायला जाऊ नका. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी कडक केलं आहे : काम चालू असताना मंजूर नकाशा साइटवर लावलेला हवा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळानं पाहणी करून नोंद ठेवावी, वीज, पाणी, ड्रेनेजच्या जोडण्या हे प्रमाणपत्र बघूनच द्याव्यात, आणि बँकांनीही ते तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं. म्हणजे उद्या तुम्हाला घर विकायचं किंवा त्यावर कर्ज काढायचं झालं तर पहिला प्रश्न याच कागदाचा असेल.

पाहणीच्या दिवशी मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची नोंद, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, क्यूबचे अहवाल आणि सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. राडारोडा उचलून घ्या, ड्रेनेजचे चेंबर उघडे ठेवा. येणाऱ्या अभियंत्याबरोबर घराला एक पूर्ण फेरी मारा आणि टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा.

ठेकेदाराशी भांडू नका, त्याच्याशी लेखी ठरवा. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, आणि प्लिंथनंतरचा हप्ता मोजमाप जुळल्यावरच द्यायचा हे करारातच टाका. चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही. उलट इंजिनिअर वेळेवर येतो म्हणून त्याचं काम अडत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक. प्लॉट वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे अर्जदार तेच, परवानगी त्यांच्या नावावर, आणि दाखलाही. कर्ज तुमच्या पगारावर निघणार असेल तर बँक त्यांना सहकर्जदार म्हणून घेईल, हे त्यांना आधी घरात बसून समजावून सांगा. त्यांना फेऱ्या मारणं जमणार नसेल तर अर्ज करण्याआधीच तुमच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून घ्या, म्हणजे प्रत्येक सहीसाठी त्यांना उन्हातान्हात राजीव गांधी भवनापर्यंत यावं लागणार नाही. आखणीच्या दिवशी मात्र त्यांना खुर्ची टाकून साइटवर बसवा. जुन्या हद्दीची खूण कुठे होती, विहीर कुठे बुजवली, पाणी कुठून वाहायचं, हे त्यांना ठाऊक असेल, आणि बुजवलेल्या विहिरीवर फूटिंग येत असेल तर ते मला नकाशात दिसत नाही.